भिंतीवरचे दोन खिळे

१

फोटो गेला त्याच दुपारी माणूसही गेला, आणि घरच्यांनी दोन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात बांधून टाकल्या. तिथेच सगळं चुकलं. पण ते माझ्या लक्षात येईपर्यंत माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. झुरळ दिसलं की स्टुलावर चढते. आणि धंदा काय, तर मेलेली माणसं शोधायची! लोक मला पत्तेवाल्या मावशी म्हणतात. कुणाचा आजा कुठून आला, कुठल्या कारखान्यात राबला, कुठल्या खोलीत राहिला, ते मी शोधून देते. श्रीमंतांच्या वंशावळी त्यांचे ते जपतात. कामगाराचा माग लागतो तो खोलीच्या नंबरावरून, आणि ते नंबरही बदलत असतात. पालिकेच्या घरपट्टी खात्यात असताना ते बदलायचं काम माझ्याकडेच होतं. त्यामुळे तुम्ही जुना नंबर सांगा, मी नवं दार दाखवते.

त्या सकाळी एक शिवणकाम करणारी मुलगी आली. पदराला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले, डोळे रडून सुजलेले.

"मावशी, माझा दादा कालपासून घरी आला नाही."

"मग पोलिसात जा की गं. मी मेलेली माणसं शोधते."

बोलून गेले आणि जीभ चावली. 

"पोलीस म्हणतात, जाणता माणूस आहे, येईल. तुम्ही तो मरायच्या आत शोधा," ती म्हणाली आणि एक मोठा कागद टेबलावर उलगडला.

दादाने हाताने काढलेला वंशवृक्ष होता तो. वर्षभरापासून दादाचा हात थरथरत होता. डॉक्टरने विचारलं, वडिलांकडच्या कुणाला असं होतं का? आता सांगणार कोण? वडील ऐन तरुणपणी ट्रकखाली गेले. आजोबा त्याही आधी, चाळिशी गाठायच्या आत, गिरणीत पट्ट्यात सापडून गेले. घरात आजोबांची एकच वस्तू, पितळी बिल्ला. त्यावर नाव आणि नंबर. आणि ते राहायचे ती खोली, जिथे आता म्हातारी आत्या एकटी राहते. एवढ्यावरून दादा शोधत शोधत आजोबांच्या मूळ गावी पोचला, तिथल्या भाऊबंदांना भेटला, आणि पांढराफटक होऊन परत आला.

कागदावर जागोजाग लाल ठिपके होते. आजोबांचे भाऊ, त्यांचे मुलगे, एका मुलाचा मुलगा.

"ठिपके कसले?"

"हात थरथरायला लागून गेलेले."

 दादाचं काम मात्र चोख होतं, ते मान्य करायला हवं. जुन्या नंबरावरून नवा नंबर त्याने बरोबर काढला होता. त्या खोलीत कोण कोण राहिलं तेही शोधलं होतं. कोपऱ्यात पेन्सिलीने एक परकं नाव लिहिलेलं होतं आणि खाली शेरा: 'ह्याच खोलीतला दुसरा भाडेकरू. तापाने वारला. आपला कुणी नाही.'

"जाताना काय म्हणाला तो?"

तिने कागदाची घडी करायला घेतली, पण तिला ती जमेना. "म्हणाला, कप हातात धरवतोय तोवर माझं मी काय ते बघून घेतो. तुला मला भरवायची वेळ येऊ देणार नाही. मग आत्याकडे गेला. तिथून भिंतीवरचा आजोबांचा फोटो घेऊन जो गेला, तो गेलाच."

"फोटो कसा होता?"

"उभे आहेत. दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर, बोटं पसरून. लहानपणी मला भीती वाटायची त्या हातांची."

मला फोटो न बघताच वाटायला लागली.

२

गिरणी कधीच बंद पडली, पण तिच्या कामगारांची इमारत अजून उभी आहे. उभी आहे म्हणायचं आपलं. गच्चीच्या कठड्याचा एक मोठा तुकडा कोसळून अंगणात नळाशेजारी पडला होता, आणि बायका त्यावरच कपडे आपटत होत्या. वरती कठड्याच्या जागी नुसतं आभाळ दिसत होतं. मी मान वर करून बघितलं आणि लगेच खाली घातली.

ह्या इमारतीतल्या खोल्या मला पाठ आहेत. गिरणी चालू होती तेव्हा एका खोलीत खाट एक आणि भाडेकरू दोन असत. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच गादीवर आडवा. गादीला गार व्हायला सवडच नसे.

आत्याबाईंची खोली चकाचक होती. लोखंडी खाट, स्टोव्ह, काजं-बटणं करायला आणलेल्या शर्टांचा ढीग. भिंतीवर फोटोच्या जागी एक फिकट चौकोन आणि त्यावर रिकामा खिळा. दाराजवळ आणखी एक रिकामा खिळा होता, आणि त्याच्याखाली भिंतीवर गंजाची लहानशी कमान उमटलेली होती.

"आत्या, ह्या मावशी दादाला शोधणार आहेत," मुलगी म्हणाली.

"शोधा बाई. पोरगं कुठे भटकतंय कोण जाणे." आत्याबाईंनी नजर बटणावरून काढली नाही. "आला, बसला. विचारत होता, आजोबांचा हात थरथरायचा का? मी म्हटलं, मला नाही आठवत. थरथरायला वय तरी मिळालं का त्यांना? मी पाणी भरायला खाली गेले. वर येते तर तोही नाही आणि फोटोही नाही."

"तुम्ही तेव्हा लहान असाल. वडील आठवतच नसतील."

"आठवत कसे नाहीत?" त्या एकदम उसळल्या. "सांधेवाले होते माझे वडील! मशीन चालू, धागा तुटला, की जायचा ह्यांचा हात आत. असा." त्यांनी उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं चिमट्यासारखी पुढे केली, हवेतला धागा पकडला आणि गाठ मारली. "पापणी लवायच्या आत! अख्ख्या खात्यात तसा हात नव्हता दुसरा."

आणि मग, चूक झाल्यासारखा तो हात त्यांनी पदराखाली घेतला.

मी म्हटलं, बाई, आता तर आठवत नव्हतं. पण मनातल्या मनात म्हटलं. माझ्या अंगात तेवढंच धैर्य असतं.

उतरताना जिन्याच्या वळणावर एक माणूस भिंतीला टेकून उभा होता. दात कोरत होता. आम्हाला वाट द्यायला तो जेमतेम वाकला.

"मालकाचा माणूस," मुलगी माझ्या कानात म्हणाली.

"पत्तेवाल्या मावशी ना तुम्ही?" तो म्हणाला.  माझं नाव ह्याला कुणी सांगितलं? "शोधा, शोधा. खोली ज्याच्या नावावर, त्याच्याच रक्ताचं माणूस आत राहतंय ना, एवढंच मालकांना बघायचंय. काही वेगळं सापडलं तर आधी मला सांगा. म्हातारीला मग फार दिवस ठेवायचं कारण नाही."

तो हसला. पुढच्या पायऱ्या मी भिंत धरून उतरले.

३

दादा जिथे कामाला होता, तो कारखाना म्हणजे एक लांब खोली. ताप मोजायचे थर्मामीटर तिथे बनायचे. काचेच्या बारीक नळ्या, त्यांत पारा भरायचा, टोक बंद करायचं. खिडक्या बंद, कारण वाऱ्याने ज्योत हलते. फरशीच्या फटींत पाऱ्याचे थेंब चमकत होते.

मुकादमाशी दादाचं भांडण झालं होतं, असं मुलीने मला येताना सांगितलं होतं. मी जरा दारापाशीच उभी राहिले. न जाणो!

"भांडण? अहो, अंगावर धावून आला माझ्या!" मुकादम म्हणाला. "एरवी गरीब मुलगा. पण वर्षभरात पार बदलला. झोप लागत नाही म्हणायचा. लोकांसमोर यायला लाजायचा. मी तरी काय बोलणार? इथे सगळ्यांचीच डोकी तापलेली असतात. माझी बायको म्हणते, तुम्ही घरी आलात की मी माहेरी जाते."

"कुठे जाईल तो? मित्र कोण आहे त्याचा?"

"कुणी नाही."

तेवढ्यात चहा आला. सगळे हात पुसून बसले. मी एकेकाचा चेहरा निरखत होते, कोण काय लपवतंय ते बघत होते. मुकादम, त्याच्या शेजारचा म्हातारा, कोपऱ्यातले दोघं तरुण, सगळ्यांनी कप दोन्ही हातांनी धरला होता. थंडीत धरतात तसा. मलाही हुडहुडी भरली होती, त्यामुळे त्यात मला वावगं काही वाटलं नाही. बाहेर पडले तर डोक्यावर रणरणतं ऊन होतं. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, इतकी मी घाबरलेली होते.

घरी पोचले आणि फोन वाजला.

"कशाला उकरतेस गं?" तोंडावर कापड धरून बोलल्यासारखा आवाज. बाईचा की पुरुषाचा, तेही कळेना. "मेलेल्यांना राहू दे मेलेलं. उगाच कुणाचं घर बसेल."

मागे बादल्यांचा खणखणाट ऐकू आला, आणि लांबून कुणीतरी ओरडलं, "पाणी आलं!"

फोन कट.

दाराला कडी घातली, वर कपाट सरकवलं आणि कपाटाला पाठ लावून बसले. फोन कुठून आला ते कळायला फार डोकं लागत नव्हतं. वाण्याचा फोन त्या इमारतीच्या अंगणातच होता, नळापाशी. म्हणजे मला धमकी देणारं माणूस तिथेच राहत होतं किंवा तिथेच वावरत होतं. आणि दादाला शेवटचं बघितलं, तेही तिथेच.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आजोबांच्या मूळ गावची बस धरली. का गेले? कारण घाबरलेल्या माणसाने नेमकं काय बघितलं, ते बघितल्याशिवाय तो कुठे पळाला ते कळत नाही. बस सुटली, मी मागे वळून बघितलं. शेवटच्या बाकावर मालकाचा माणूस दात कोरत बसला होता.

मला सगळे देव आठवले. ड्रायव्हरच्या पाठीला जवळजवळ चिकटून मी तो प्रवास केला.

भाऊबंदांचं घर गावाच्या टोकाला होतं. दार उघडलं ते एका पाठीत वाकलेल्या बाईंनी. बिल्ल्यावरचं नाव सांगितलं तसं म्हणाल्या, "माझे धाकटे काका ते. तुम्हीही शहरातून आलात? चार दिवसांमागे एक मुलगा आला होता. चांगला वाटला बोलायला. पण ह्याला बघितलं आणि उंबऱ्यातूनच मागे फिरला. पाणीसुद्धा प्यायला नाही."

"कुणाला बघितलं?"

त्यांनी आतल्या खोलीकडे बोट केलं.

खिडकीला पडदा होता. खाटेवर एक माणूस बसला होता, दादाच्याच वयाचा असेल. त्याचे हात, मान, खांदे, सगळं आपापल्या मर्जीने हलत होतं. बाई त्याला चमच्याने काहीतरी पातळ भरवायला गेल्या आणि चमचा त्याच्या दातांवर वाजायला लागला. खटखट खटखट. तो माझ्याकडे बघत होता आणि त्याला सगळं कळत होतं, हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. मला तिथून पळावंसं वाटलं. खरंच सांगते, दादाला मी दोष देऊ शकत नाही.

"माझा भाचा. ह्याच्या आधी ह्याचे वडील, त्यांच्या आधी माझे वडील," बाई शांतपणे म्हणाल्या. "आमच्या घरात हे असंच येतं. काका तेवढे सुटले म्हणायचे. शहरात गेले ते परत आलेच नाहीत."

उठता उठता मी विचारलं, "काका दिसायला कसे होते? फोटो आहे?"

"फोटो कुठला! मी एवढीशी होते. पण त्यांचा हात आठवतो. मला खांद्यावर घ्यायचे तेव्हा टोचायचा." त्यांनी आपला उजवा हात वर केला आणि अंगठ्याशेजारची दोन बोटं मुडपून घेतली. "ही दोन नव्हतीच. चारा कापायच्या मशीनमध्ये गेली होती. म्हणून तर शेती सोडून गिरणीत टोपल्या ओढायला गेले."

मी पुन्हा बसले.

५

परतीच्या बसमध्ये मालकाचा माणूस सरळ माझ्या शेजारीच येऊन बसला.

"काय म्हणाली म्हातारी?"

"म्हणाली, गुडघे दुखतात."

"चेष्टा करता?"

"तुम्हीच विचारून यायचं होतं."

"गेलो होतो. दार लावून घेतलं तिने तोंडावर." तो माझ्याकडे झुकला. "मावशी, तुम्हाला काहीतरी सापडलंय. तोंडावर दिसतंय. ते माझ्यापासून लपणार नाही."

 भीती होतीच, पण डोकं एकदाचं चालायला लागलं होतं.

शहरात उतरल्यावर गर्दीत त्याला चुकवलं, मुलीला दुकानातून उठवून बरोबर घेतलं आणि थेट आत्याबाईंची खोली गाठली. दार आतून लावून घेतलं.

"आत्याबाई, फोटो काढा बाहेर."

"कुठला फोटो? तो तर दादाने—"

"दादाने नाही, तुम्ही काढलात. तो गेल्यावर. त्याला फोटोचं काय करायचं होतं? त्याने लोकांचे थरथरते हात बघितले होते, फोटोतला हात काही थरथरत नाही. त्या फोटोची भीती ज्याला वाटेल, असं घरात एकच माणूस होतं. काल मला फोन केलात तोही तुम्हीच. आधी मला वाटलं, मालकाचा माणूस. पण तो कशाला म्हणेल, उकरू नकोस? त्याला तर उकरायलाच हवंय. घर बसायची भीती इथे फक्त तुम्हाला आहे."

आत्याबाईंची सुई थांबली.

"गावचा माणूस, ज्याचं नाव बिल्ल्यावर आहे, त्याच्या उजव्या हाताला ही दोन बोटं नव्हती," मी म्हटलं. "आणि तुमचे वडील ह्याच दोन बोटांनी धागा सांधायचे. तुम्हीच मला करून दाखवलंत. फोटोतही दहाच्या दहा बोटं आहेत, तुमच्या भाचीने मोजली नसतील पण बघितली आहेत. तेव्हा बिल्ल्यावरचा माणूस आणि तुमचे वडील, ही दोन माणसं. एकाच खाटेवरची. एक दिवसा झोपायचा, एक रात्री. दादाने पत्ता अगदी बरोबर शोधला होता. पत्त्यावरचा माणूस मात्र चुकला."

मुलगी भिंतीला टेकली. "आत्या? काय बोलतायत ह्या?"

आत्याबाईंनी खाटेवरच्या गादीखाली हात घातला आणि फोटो काढून मांडीवर ठेवला.

"आई मरताना सांगून गेली मला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "खोली त्याच्या नावावर होती, गावच्याच्या. कामही त्याच्याच बिल्ल्यावर. माझे वडील बदलीवर होते, रोज फाटकाशी उभं राहायचं, घेतलं तर घेतलं. दोघांची जिवाभावाची दोस्ती. एक दिवस वडील रात्रपाळी करून आले तर हा खाटेवर गेलेला. ताप होता. आता हे सांगितलं असतं तर बिल्ला गेला असता, खोली गेली असती. हजेरी बिल्ल्याची लागायची हो, तोंड कोण बघतं? वडिलांनी बिल्ला आपल्या गळ्यात घातला, सांध्याचं काम मागून घेतलं, आणि मेलेल्याला आपलं नाव दिलं. स्वतःच्याच मरणाची वर्दी स्वतः देऊन आले! मग लग्न झालं, आम्ही झालो, सगळं त्या दुसऱ्याच नावाने."

मी मुलीच्या हातातला कागद ओढला आणि पेन्सिलीच्या शेऱ्यावर बोट ठेवलं. 'आपला कुणी नाही.'

"हेच का तुमच्या वडिलांचं नाव?"

त्यांनी वाचलं आणि होकारार्थी मान डोलावली. डोळे भरून आले होते.

"मग दादाला का नाही सांगितलंस?" मुलगी ओरडली. "त्याला वाटतंय तो मरणार! त्या घराशी आपलं नातंच नाही, एवढं एक वाक्य होतं, आत्या!"

"आणि मी कुठे जाऊ गं? ह्या वयात? मालकाचा माणूस रोज दारात उभा असतो. मला वाटलं, चार दिवसांत शांत होईल त्याचं डोकं. पोरगं असं काही करेल, असं नव्हतं गं वाटलं मला."

मला आत्याबाईंचा राग येत होता आणि कीवही येत होती. कुठे बघावं ते कळेना म्हणून मी भिंतीकडे बघितलं. फोटोचा खिळा. आणि दाराजवळचा दुसरा. त्याच्याखालची गंजाची कमान. तिथे काहीतरी लोखंडी लटकत होतं, रोज हलत होतं, भिंतीला घासत होतं. फोटो आत्याने काढला, ठीक. मग हे कुणी काढलं?

"आत्याबाई, ह्या खिळ्याला काय होतं?"

"तिथे? गच्चीची किल्ली." त्यांनी वर बघितलं. "टाकी धुवायला लागते म्हणून माझ्याकडे ठेवलीय. म्हणजे काय, आहे की तिथे—"

नव्हती. आपल्या खोटेपणाच्या भीतीने त्यांनी दुसऱ्या खिळ्याकडे बघितलंच नव्हतं.

त्याच क्षणी अंगणात एक बाई किंचाळली.

६

दादा गच्चीच्या काठावर उभा होता. जिथे कठडा कोसळला होता, तिथेच. दोन दिवस तो टाकीच्या सावलीत बसून होता, हे नंतर कळलं. मन घट्ट होईना म्हणून बसला होता आणि आता झालं होतं.

भर दुपारी अंगण माणसांनी भरलं. कुणीतरी जिन्याने वर धावलं, पण गच्चीचं दार त्याने पलीकडून, गच्चीच्या बाजूने अडकवून घेतलं होतं. मुलगी "दादा! दादा!" करून गळा फाडत होती. मीही ओरडले, "अरे, तुझ्या आजोबांना तो आजार नव्हताच! ते दुसरेच कुणी होते!"

"कोण तुम्ही?" वरून आवाज आला. "मला खाली उतरवायला काहीही सांगाल!"

बरोबरच होतं त्याचं. माझ्यावर त्याने का विश्वास ठेवावा? मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या मात्र वर बघत नव्हत्या. नळापाशी मालकाचा माणूस येऊन उभा राहिला होता. दात कोरायची काडी त्याने फेकून दिली होती आणि तो कान देऊन ऐकत होता.

मी आत्याबाईंना काहीच बोलले नाही. काय बोलणार? त्यांचा हात माझ्या हातात होता आणि तो बर्फासारखा गार पडला होता.

दादाने एक पाय पुढे सरकवला. चुन्याचा एक तुकडा सुटून आमच्यासमोर फरशीवर फुटला.

आत्याबाईंनी माझा हात सोडला आणि अंगणाच्या मधोमध गेल्या. एवढ्याशा देहातून एवढा आवाज निघेल, असं मला वाटलं नव्हतं.

"अरे मेल्या, ऐक! ज्याच्या नावावर ही खोली आहे, तो तुझा आजोबा नव्हे! माझा बाप नव्हे तो! तो तापाने मेला आणि माझ्या बापाने त्याचं नाव लावलं! आम्ही सगळे खोट्या नावाने राहिलो इथे, मी आजवर खोट्या नावाने राहिले! तुझ्या कागदावर कोपऱ्यात जो आहे, तो तुझा आजोबा!"

 दादाने खाली बघितलं. आत्याकडे, मग नळाकडे, मालकाच्या माणसाकडे. बराच वेळ त्याच्याकडेच बघत राहिला. त्या माणसासमोर आत्याने हे उगाच म्हटलं नसतं, हे त्याला कळत होतं. असं खोटं कुणी बोलत नाही.

"मग माझा हात का थरथरतो?" त्याचा आवाज आता लहान मुलासारखा झाला होता.

आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. भर उन्हात कप दोन्ही हातांनी धरणारी ती माणसं! रक्तातून आलेलं नव्हतं, तर कुठून तरी आलंच असणार.

"दादा," मी ओरडले, "तुझ्या कारखान्यात एका हाताने कप कोण धरतं, सांग बरं!"

 बोटांवर एकेकाला आठवत असावा.

"कुणीच नाही," तो म्हणाला.

"झोप कुणाला लागते? चिडत कोण नाही? पारा आहे तो, बाबा, पारा! श्वासातून अंगात जातोय सगळ्यांच्या. आजोबांचं नाही, कारखान्याचं दुखणं आहे हे. ते काम सोड, डॉक्टरला पाऱ्याचं नाव सांग. आणि आधी तो पाय मागे घे, माझ्याच्याने बघवत नाही!"

त्याने पाय मागे घेतला. मग खाली बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागला. मुलगी जिन्याकडे धावली.

मालकाचा माणूस पुढे झाला. "आत्याबाई, मी ऐकलंय बरं का. मालकांना सांगावं लागेल."

"सांग ना. मोठ्याने बोलले होते की," आत्याबाई म्हणाल्या. त्याच्याकडे त्यांनी वळूनही बघितलं नाही. मान वर करून त्या गच्चीकडे बघत होत्या, पदराने नाक पुसत होत्या.

"रडून झालं की दार उघड आणि खाली ये रे," त्यांनी हाक मारली. "सामान बांधायचंय. खाट मला एकटीला उचलत नाही."